मदतीला आणलेली बाई

लिफ्टवाल्याने तळमजल्याच्या दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी अडकवली, बायकोला आत घेतलं आणि पॅनेलमध्ये चावी फिरवली. चावी फिरवली की लिफ्ट मध्ये कुठेच थांबत नसे. तळमजल्यापासून चौदाव्यापर्यंत दोघांनाच, दार बंद करून. बायको आरशासमोर उभी राहून केसांची पिन सरळ करू लागली. आज काय दिसणार, असं तिने विचारलं. आधीच सांगितलं तर मजा काय, असं तो म्हणाला, आणि आरशातच तिच्याकडे बघून हसला.

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. धाकटी सून म्हणून धाकटी, आणि आता तोही तिला तेच म्हणू लागला होता. घर दोन खोल्यांचं. त्यात आई-वडील, मोठा भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि ही दोघं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी या दोघांचं अंथरूण स्वयंपाकघरातच होतं. स्वयंपाकघरात झोपायचं म्हणजे सगळ्यांच्या मागून आडवं व्हायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. बोलायचं ते कुजबुजत, आणि कुजबुजलं की पलीकडून वहिनीचा खोकला. भांडायचीसुद्धा सोय नव्हती. एकदा दोघं भांडायला म्हणून बसस्टॉपवर जाऊन बसले होते, आणि तिथे बसल्यावर कशावरून भांडायचं होतं तेच विसरले.

तेव्हापासून लिफ्टवाल्याने रविवार हातात घेतला. तो ज्या कंपनीत होता तिच्याकडे शहरातल्या साठ-सत्तर इमारतींच्या लिफ्टचं काम होतं. कामाच्या निमित्ताने तो सगळ्या गच्च्यांवर जाई. कुठून नदीचं वळण दिसतं, कुठून रेल्वेचं यार्ड, कुठल्या टाकीच्या आडोशाला वारा लागत नाही, सूर्य कुठल्या महिन्यात कुठे बुडतो, हे सगळं त्याला पाठ होतं. आठवडाभर तो मनातल्या मनात बेत आखी. चहाचा थर्मास, बिस्किटांचा पुडा, बसायला जुनी सतरंजी. खर्च काय तो बसच्या तिकिटांचा.

कंपनीत ही गोष्ट हळूहळू पसरली होती. म्हणजे गच्चीचं कुणाला ठाऊक नव्हतं, पण हा बायकोला कमी पैशात कुठे कुठे नेतो एवढं ठाऊक होतं. ज्याचं नवीन लग्न ठरे तो याच्याकडे येई. मग हा स्क्रू पिळता पिळता सांगे, की नव्या पुलावर पाचच्या सुमाराला जा, तेव्हा फूटपाथ रिकामा असतो. संग्रहालयाला गुरुवारी तिकीट नाही. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडली तर एका तिकिटात अख्खं शहर फिरून होतं. पैसा कमी असला तर वेळ नीट निवडायची, हे त्याचं म्हणणं. हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखा होई.

त्या रविवारी चौदाव्या मजल्यावरून वर गच्चीत जाऊन त्याने धाकटीचे डोळे मागून हातांनी झाकले आणि तिला पश्चिमेच्या कठड्याशी नेलं. खाली एका मोठ्या रोपवाटिकेची काचेची छपरं होती. उतरत्या उन्हात ती सगळी एकदम पेटली होती.  धाकटीने ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता, आणि त्याच्यावरही तो उजेड पडला होता. मग ती म्हणाली, की आपलं घर झालं तर मला एक खिडकी या बाजूची पाहिजे. तो म्हणाला, घेऊ. दोघांनाही माहीत होतं की ते घेणार नव्हते, पण तिथे तसं म्हणायला हरकत नव्हती.

तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं.

इमारतीचे सेक्रेटरी, लिफ्ट बंद म्हणून जिने चढून, वर आले होते. सत्तरीचे, निवृत्त, एकटे राहणारे गृहस्थ. रविवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीची पातळी बघायला ते स्वतः वर येत, हे लिफ्टवाल्याला माहीत नव्हतं. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे.

तीनच महिन्यांपूर्वी कंपनीने एका मेकॅनिकला काढून टाकलं होतं. त्याने आपल्या मेव्हण्याला दुपारी गच्चीवरच्या, लिफ्टच्या मशीन रूममध्ये झोपायला दिलं होतं. बाहेरचं माणूस वर न्यायचं नाही, हा नियम त्या दिवसापासून नोटीस बोर्डावर लाल अक्षरात लागला होता. ती लाल अक्षरं लिफ्टवाल्याच्या डोळ्यांपुढे आली.

“या कोण?” सेक्रेटरींनी विचारलं.

“मदतीला आणलीय साहेब,” तो म्हणाला. “मशीन रूम झाडायला.”

हे त्याच्या तोंडून इतक्या सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती फक्त कठड्यापासून एक पाऊल बाजूला झाली. सेक्रेटरी तिच्या निळ्या ड्रेसकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, की बरंच झालं, टाकीपाशी कबुतरांनी फार घाण केली आहे, कुणी वर यायला तयार होत नाही; बाईंनी तेवढं झाडून दिलं तर बरं होईल, वेगळे पैसे देऊ. झाडू जिन्याच्या कोपऱ्यात आहे.

अजूनही वेळ गेली नव्हती. साहेब, ही माझी बायको आहे, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. पण एकदा खोटं बोलल्यावर ते पाच शब्द आणखी जड झाले. जीभ रेटेना. धाकटी जिन्याकडे गेली, झाडू घेऊन आली आणि टाकीमागे वाकली.

सेक्रेटरी तिथेच उभे राहून लिफ्टच्या आवाजाबद्दल बोलत राहिले. सातव्या मजल्यावर हल्ली थोडा धक्का बसतो. तो म्हणाला, रेलचं ग्रीस बघतो. बोलता बोलता त्याला झाडूचा आवाज ऐकू येत होता. सुकलेली घाण खरवडल्याशिवाय निघत नाही, ती जोर लावून खरवडत होती. कुणी बघत नसलं की लोक अर्धं काम चुकवतात. तिने कोपऱ्यातलंसुद्धा काढलं. काढून, गोळा करून, एका जुन्या पोत्यात भरलं. सतरंजी आणि थर्मास पाण्याच्या पाइपामागे होते. ते सेक्रेटरींना दिसू नयेत म्हणून लिफ्टवाला दोन पावलं सरकून मध्ये उभा राहिला. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच: ती वाकली होती तिकडे आपण गेलो नाही, पण थर्मास लपवायला मात्र दोन पावलं गेलो.

झाडून झाल्यावर सेक्रेटरींनी धाकटीच्या हातात एक नोट ठेवली. तिने ती घेतली. थँक्यू साहेब, म्हणाली.

परत जाताना बसमध्ये कंडक्टर आला. लिफ्टवाल्याने खिशात हात घातला, पण तिने आधीच मूठ उघडून ती नोट पुढे केली होती. “दोन,” ती म्हणाली.

घरी वहिनीने केसांतली धूळ बघून विचारलं, कुठे गेला होतात एवढं लांब? गच्चीवर, खूप वारा होता, असं सांगून धाकटी ड्रेस भिजवायला मोरीत गेली.

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. पण ती नेहमीसारखीच वागली. डबा भरून दिला, आईंच्या गुडघ्याला तेल लावलं, पुतणीची वेणी घातली. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना तीच म्हणाली, “तुमची नोकरी गेली असती. मला कळतं ते.” तो नुसता हं म्हणाला. तिने त्याला पळवाट काढून दिली होती आणि तो तिच्यातून निमूट निघून गेला, मान खाली घालून.

पुढच्या रविवारी त्याने ओव्हरटाइम मागून घेतला. त्याच्या पुढच्या रविवारीही. कंपनीतला एक वेल्डर त्याच्याकडे आला. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा कुठे न्यावं, खिशाला परवडेल असं, हे त्याला विचारायचं होतं. लिफ्टवाल्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, मला नको विचारूस. वेल्डरला वाटलं हा चेष्टा करतोय. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा लिफ्टवाला उठून हात धुवायला गेला.

महिनाभराने त्याच इमारतीची सर्व्हिस आली. सेक्रेटरी तळमजल्यावर भेटले आणि त्यांनी आपण होऊन त्या बाईंची चौकशी केली. असं स्वच्छ काम हल्ली कोण करतं, पुन्हा आणा त्यांना, असं म्हणाले. चोराच्या मनात चांदणं. लिफ्टवाल्याला वाटलं, ते टोमणा मारताहेत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती काम सोडून गेली, असं त्याने सांगितलं. एका खोट्याला दुसरं टेकू म्हणून लावलं. मग तो सातव्या मजल्यावर रेलला ग्रीस लावायला गेला.

धाकटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. सकाळची पाळी, रविवारी सुट्टी. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, चला, आज मी नेते तुम्हाला. त्याला नाही म्हणता आलं नाही.

तिने त्याला लाँड्रीच्या मागच्या आवारात नेलं. तिथे तारांच्या दहा-बारा रांगा होत्या आणि प्रत्येक तारेवर पांढऱ्या चादरी. दोन रांगांच्या मध्ये शिरलं की बाहेरचं काही दिसत नव्हतं. वर फक्त आभाळाची एक पट्टी. साबणाचा आणि उन्हाचा वास. तिने दोन टोपल्या उपड्या घातल्या, एकीवर ती बसली, एक त्याच्यासाठी. रोज इथून जाताना मला वाटायचं की तुम्हाला एकदा आणावं, असं ती म्हणाली. मग ती तिच्या कामातल्या गमती सांगत बसली. एका पेशंटच्या उशीच्या खोळीत दातांची कवळी सापडली होती, आणि ती परत करायला ती तीन वॉर्ड फिरली होती. दोघांनी ती आपली नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्याने घालून बघितली आणि तीही त्याची नव्हती. तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं की आता सांगावं, की माझं चुकलं. तोंड उघडलंही.

तेवढ्यात एक चादर बाजूला झाली आणि लाँड्रीची सुपरवायझरबाई समोर उभी राहिली.

लिफ्टवाला टोपलीवरून ताडकन उठला. “मी ते मशीनचं बघायला...” त्याने सुरुवात केली.

“माझे मिस्टर आहेत,” धाकटी म्हणाली. ती उठली होती, पण सावकाश. “आमच्या घरात जागा नाही बोलायला. म्हणून इथे आलो.”

घरात जागा नाही. हे वाक्य त्याने आजवर कुणापुढेही उच्चारलं नव्हतं. तिने ते शाळेचा रस्ता सांगावा तसं सांगून टाकलं.

सुपरवायझरबाई वाईट नव्हती, पण नियमाची होती. पेशंटच्या धुतलेल्या चादरींपाशी बाहेरच्या माणसाने यायचं नाही, हे तुला माहीत आहे ना, असं तिने विचारलं. माहीत आहे, असं धाकटी म्हणाली. मग उद्या मेमो घ्यायला ये आणि पुढचे दोन रविवार ड्युटी. बरं, असं धाकटी म्हणाली. तिने टोपल्या उचलून जागच्या जागी ठेवल्या आणि दोघं बाहेर पडली.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी त्याने विचारलं, की काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची होती, खरं कशाला सांगितलंस?

ती थोडा वेळ विचार करत चालली. खरंच विचार करत होती; टोमणा शोधत नव्हती. मग म्हणाली, “खोटं सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला काहीतरी करायला लावलं असतं. टोपल्या उचलायला वगैरे. मला ते बघवलं नसतं.”

लिफ्टवाल्याला भर रस्त्यात कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तिला मारायचं नव्हतं; ती अगदी साधेपणाने बोलली होती. पुढच्या चौकापर्यंत तो तिच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालत राहिला.

सोमवारी धाकटीने मेमोवर सही केली. मंगळवारी लिफ्टवाल्याने जेवणाच्या सुट्टीत सायकल काढली आणि त्या इमारतीत गेला. काम नव्हतं, पाटी लावायची नव्हती. तो जिन्याने चढला. लिफ्ट वापरायचा आपल्याला आज हक्क नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहत. त्यांनी दार उघडलं, धापा टाकणाऱ्या माणसाला आत बोलावलं, पाणी दिलं.

त्याने पाणी न पिता सांगून टाकलं. ती मदतीला आणलेली बाई नव्हती. ती माझी बायको आहे. मी तिला सूर्यास्त दाखवायला वर आणलं होतं. तुमच्या परवानगीशिवाय आणलं. तक्रार करायची तर करा, कंपनीचा नंबर लिफ्टमध्ये लिहिलेला आहे.

सेक्रेटरी चष्मा काढून पुसत राहिले. 

“मग त्या दिवशी सांगायचं ना,” ते म्हणाले. “मी खुर्च्या दिल्या असत्या.”

मग ते थांबून, जरा दुखावल्यासारखे, म्हणाले की बाईंचे कपडे पाहून मला शंका आली होती. पण तुम्ही स्वतः सांगत होता. आपल्या माणसाबद्दल असं कुणी सांगेल, हे मनातच आलं नाही. “तुम्ही माझ्या हातून त्यांना झाडायला लावलंत,” ते म्हणाले. तक्रारीचं त्यांनी नावही काढलं नाही. तो निघाला तेव्हा त्यांनी दार लगेच लावलं नाही, पण पुन्हा या असंही म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना लिफ्टवाल्याच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार आला याचीही त्याला लाज वाटली. तिला सांगावं, की मी सेक्रेटरींना जाऊन खरं सांगितलं, ते भयंकर चिडले, कंपनीत कळवतो म्हणाले, मीच पाया पडून थांबवलं. मग त्या दिवशीचं आपलं भिणं खरं ठरलं असतं. तिचं ते ‘नोकरी गेली असती’ खरं ठरलं असतं. दोघांनाही त्यावर आयुष्यभर टेकून बसता आलं असतं.

धाकटी बाहेरच्या नळावर बादली भरत होती. घरात वहिनीच्या मुली मोठ्याने पाढे म्हणत होत्या. त्याने नळाशी उभं राहून तिला सगळं सांगितलं, जसं झालं तसं.

“काय म्हणाले?” तिने विचारलं.

“म्हणाले, सांगितलं असतं तर खुर्च्या दिल्या असत्या.”

बादली भरून वाहायला लागली. तिने नळ बंद केला नाही.

“म्हणजे काहीच झालं नसतं,” ती म्हणाली.

“नसतं झालं.”

तेव्हा ती रडली. गच्चीवर रडली नव्हती, बसमध्ये नव्हती, मेमोवर सही करतानाही नव्हती. नळाशी उभी राहून, ओला हात तोंडाशी धरून, आवाज न करता रडली. आठ माणसांच्या घरात शिकलेलं रडणं ते. तो म्हणाला, माझं चुकलं. तिने मान हलवली. ते ‘असू दे’ होतं की ‘हो, चुकलं’ होतं, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही. त्याने नळ बंद केला आणि बादली आत नेली.

दोन रविवार तिची ड्युटी होती. त्या दोन्ही रविवारी तो हॉस्पिटलच्या फाटकापाशी तिची पाळी संपेपर्यंत उभा राहिला. ती बाहेर आली की दोघं चालत घरी येत. बोलणं बेताचंच, भाजीचं, आईंच्या औषधाचं.

तिसऱ्या रविवारी तिने ड्रेस बदलला. निळा नव्हे, रोजचाच, राखाडी. कुठे जायचं, असं त्याने विचारलं. म्युनिसिपालटीच्या मैदानावर मुलींची हॉकीची प्रॅक्टिस असते, पायऱ्यांवर कुणीही बसू शकतं, असं तिने सांगितलं. लाँड्रीतल्या एका बाईची मुलगी खेळते म्हणे.

पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं पसरून बसली होती. आईबाप, म्हातारे, एक जोडपं शेंगा खात. धाकटी चौथ्या पायरीवर बसली आणि तिने आपली पिशवी शेजारी ठेवली. तो पिशवीच्या पलीकडे बसला. खाली शिट्टी वाजली, मुली धावू लागल्या. काठ्यांचा खटखट आवाज वर येत होता. मागच्या पायरीवरच्या एका म्हाताऱ्याने पुढे वाकून लिफ्टवाल्याला विचारलं, तुमची मुलगी खेळते का?

“नाही,” तो म्हणाला. “ही माझी बायको. आम्ही नुसते बघायला आलोय.”

म्हाताऱ्याने बायकोचं काही विचारलं नव्हतं. तो जरा गोंधळून बरं बरं म्हणाला आणि मागे टेकला.

धाकटी मैदानाकडेच बघत होती. एक मुलगी पडली, उठली, गुडघा झटकून पुन्हा धावली. बराच वेळ गेल्यावर धाकटीने पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. लिफ्टवाल्याने त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं. लगेच सरकावं की थोडं थांबावं, हे ठरवत तो तसाच बसून राहिला.